दूरच्या चुंबकशेपटीतले ऊर्जावान कण : ५० किलोव्होल्टमधून ५०० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट येतात कुठून?

तुम्ही विचारले आहे ते थोडक्यात असे. पृथ्वीच्या चुंबकीय शेपटीत, सूर्याच्या विरुद्ध दिशेला सुमारे २०० पृथ्वी-त्रिज्या (एक त्रिज्या म्हणजे सुमारे ६,३७० किलोमीटर) अंतरावर असताना जिओटेल यानाने १९९३ साली घेतलेली मोजमापे तुम्ही आलेखावर मांडली. त्यात मधूनच काही मिनिटांसाठी शेकडो किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या प्रोटॉनांचे आणि इलेक्ट्रॉनांचे लोंढे दिसले. पाठ्यपुस्तक मात्र सांगते की शेपटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतचे विभवांतर साधारण ५० किलोव्होल्ट असते. एका किलोव्होल्टच्या विभवांतरातून गेलेल्या प्रोटॉनला किंवा इलेक्ट्रॉनला एक किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा मिळते. मग ५० किलोव्होल्टच्या यंत्रातून ५०० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा कण बाहेर पडतो कसा? की हे कण तिथले नसून पृथ्वीजवळून किंवा सूर्याकडून आलेले आहेत?

उत्तराचा गाभा आधी मांडतो. ५० किलोव्होल्टची मर्यादा फक्त स्थिर परिस्थितीत लागू होते. शेपटीतले चुंबकक्षेत्र झपाट्याने बदलू लागले की दोन कडांमधल्या विभवांतराला ऊर्जेची कमाल मर्यादा म्हणण्यात अर्थ उरत नाही, आणि शेपटीतच तयार झालेले बहुतेक ऊर्जावान कण अशा बदलत्या क्षणांचेच असतात. मात्र आलेखातला प्रत्येक उंचवटा म्हणजे तिथे घडलेल्या त्वरणाचा पुरावा, असे धरून चालू नका. कण कोणत्या क्षेत्ररेषेवरून आला, यान त्या क्षणी शेपटीच्या कोणत्या भागात होते आणि डिटेक्टरने नेमके काय मोजले, हे ठरल्याशिवाय ‘ऊर्जा कशी मिळाली’ हा प्रश्न विचारताच येत नाही. माझा अनुभव असा आहे की या विषयातली फसगत सिद्धांतात कमी आणि या तीन गोष्टींत अधिक होते.

प्रथम जागेची कल्पना घेऊ. सौर वारा, म्हणजे सूर्याकडून सतत वाहणारा विद्युतभारित कणांचा प्रवाह, पृथ्वीचे चुंबकावरण (तिच्या चुंबकक्षेत्राने व्यापलेला अवकाश) दिवसाच्या बाजूला सुमारे १० त्रिज्यांपर्यंत दाबून धरतो आणि रात्रीच्या बाजूला ते लांबच लांब ओढून नेतो. चंद्र सरासरी ६० त्रिज्यांवर आहे. शेपूट त्याच्या कितीतरी पलीकडे जाते. २०० त्रिज्यांच्या पलीकडेही तिची रचना ओळखू येते, आणि १९६६ साली सोडलेल्या पायोनियर ७ या यानाला तर सुमारे १००० त्रिज्यांवरही शेपटीसारख्या खुणा आढळल्या. आतमध्ये उत्तर आणि दक्षिण असे दोन लोब, म्हणजे जवळजवळ रिकामे असे दोन अर्धे भाग, असतात. एकातले क्षेत्र पृथ्वीकडे, तर दुसऱ्यातले पृथ्वीपासून दूर जाणारे असते. दोहोंच्या मध्ये प्लाझ्माने, म्हणजे गरम विद्युतभारित कणांनी, भरलेला थर असतो, ती प्लाझ्मा शीट. १०० त्रिज्यांच्या पलीकडे लोबमधले क्षेत्र ९ ते १० नॅनोटेस्लाच्या आसपास येऊन स्थिरावते. आपल्याकडे जमिनीवर ते ४० हजार नॅनोटेस्लाहून अधिक असते, हे लक्षात घेतले म्हणजे किती दुबळ्या क्षेत्रात हे सारे घडते याचा अंदाज येईल.

या शेपटीचे चुंबकक्षेत्र नॉर्मन नेस यांनी आयएमपी-१ या उपग्रहाच्या नोंदींवरून १९६५ साली मांडले. हा उपग्रह नोव्हेंबर १९६३ मध्ये सोडलेला होता. त्याच उपग्रहावरून किन्सी अँडरसन यांना शेपटीत सुमारे ४५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टहून अधिक ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांची सुटी सुटी ‘बेटे’ दिसली. म्हणजे शेपूट सापडली त्याच सुमारास हे कोडेही पुढे आले होते. अणुचाचण्या हुडकण्यासाठी सोडलेल्या वेला उपग्रहांनी १७-१८ त्रिज्यांवर प्लाझ्मा शीटचे चित्र स्पष्ट केले. १९७६ साली सारिस, क्रिमिजिस आणि आर्मस्ट्राँग यांनी आयएमपी-७ च्या नोंदींतून सुमारे ३५ त्रिज्यांवर उच्च ऊर्जेच्या प्रोटॉन-इलेक्ट्रॉनांचे स्फोटक झोत दाखवले आणि त्यांतल्या काहींची ऊर्जा १० लाख इलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरात जात होती. तेव्हापासून ५० किलोव्होल्टचा हिशेब अपुरा आहे, हे सर्वांना ठाऊक आहे.

खऱ्या अर्थाने दूरच्या शेपटीत पहिला मुक्काम केला तो आयएसईई-३ या यानाने. ऑगस्ट १९७८ मध्ये सोडलेले हे यान मुळात सूर्याच्या दिशेला, एल-१ बिंदूभोवती (जिथे सूर्य आणि पृथ्वी यांच्या ओढीचा मेळ बसून यान पृथ्वीच्या सोबत राहू शकते) राहून सौर वारा मोजण्यासाठी होते. रॉबर्ट फारकर यांनी आखलेल्या मार्गाने १९८२ साली ते तिथून हलवण्यात आले, चंद्राच्या गुरुत्वाचा वारंवार आधार घेत शेपटीत २२० त्रिज्यांच्याही पुढे नेण्यात आले, आणि २२ डिसेंबर १९८३ रोजी चंद्राच्या पृष्ठभागापासून अवघ्या १२० किलोमीटरवरून झेप घेऊन ते एका धूमकेतूकडे निघून गेले. जपान आणि नासा यांचे जिओटेल २४ जुलै १९९२ रोजी गेले आणि नोव्हेंबर १९९४ पर्यंत २०० त्रिज्यांपलीकडे फेऱ्या मारत राहिले. तुमच्या नोंदी त्याच काळातल्या आहेत. आजही दूरच्या शेपटीबद्दल आपल्याला जे माहीत आहे, त्याचा मोठा भाग या दोन यानांच्या काही वर्षांच्या नोंदींवर उभा आहे.

आता मूळ हिशेबाकडे वळू. ५० किलोव्होल्ट आणि सुमारे ४० त्रिज्यांची रुंदी (दूरवर ती याहून थोडी जास्त असते) धरली, तर शेपटीत पहाटेच्या बाजूकडून संध्याकाळच्या बाजूकडे जाणारे विद्युतक्षेत्र मीटरला ०.२ मिलिव्होल्ट येते. प्लाझ्मा शीटच्या मध्यावर क्षेत्राची दिशा उलटते. तिथे आलेला आयन सरळ मार्ग सोडून नागमोडी वळणे घेत संध्याकाळच्या बाजूकडे सरकतो, ऊर्जा मिळवतो आणि मग शीटला छेदणाऱ्या लहानशा लंब घटकामुळे वळून क्षेत्ररेषेवरून बाहेर फेकला जातो. स्पायसर यांनी १९६५ साली दाखवलेल्या या मार्गाचा हिशेब सोपा आहे. बाहेर पडतानाचा वेग विद्युतक्षेत्र आणि लंब चुंबकीय घटक यांच्या गुणोत्तराच्या साधारण दुप्पट असतो. लंब घटक १ नॅनोटेस्ला असेल तर वेग सेकंदाला ४०० किलोमीटर, म्हणजे प्रोटॉनसाठी १ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टहूनही कमी ऊर्जा. घटक ०.२ नॅनोटेस्लापर्यंत उतरला तर वेग २००० किलोमीटर आणि ऊर्जा सुमारे २१ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट होते. मात्र तेवढ्यासाठी प्रोटॉनला १६ त्रिज्या आडवे सरकावे लागते. म्हणजे स्थिर शेपूट कितीही अनुकूल मानली तरी जास्तीत जास्त पन्नास किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टांच्या पुढे हात पोहोचत नाही. इथपर्यंत तुमची शंका अगदी बरोबर आहे.

चूक होते ती पुढच्या पायरीवर. ‘विभवांतर’ हा शब्द आपण वापरतो तेव्हा नकळत असे धरतो की अ बिंदूपासून ब बिंदूपर्यंत कोणत्याही वाटेने गेले तरी कमाई सारखीच होणार. चुंबकक्षेत्र बदलत असेल तर हे खरे राहत नाही. फॅरेडेच्या नियमाने बदलत्या चुंबकक्षेत्राभोवती विद्युतक्षेत्राची बंद वलये तयार होतात, आणि अशा वलयात फिरणारा कण घाण्याच्या बैलासारखा त्याच त्या जागी येत राहतो, पण प्रत्येक फेरीत त्याच्या पदरी ऊर्जा पडत जाते. आकडे घालून पाहा. १० त्रिज्या लांब आणि तितक्याच रुंद पट्ट्यात लंब घटक एका मिनिटात ५ नॅनोटेस्लाने बदलला, तर त्या पट्ट्याभोवतीचे प्रेरित विद्युतचालक बल जवळजवळ ३ लाख ४० हजार व्होल्ट येते. बदल १० नॅनोटेस्लाचा असेल तर ते ६ लाख ८० हजारांवर जाते. क्षेत्रमापन, नॅनोटेस्ला आणि सेकंद एवढ्या तीन गोष्टी वापरून कागदाच्या तुकड्यावर होणारा हा गुणाकार आहे, आणि तुमच्या आलेखातली ऊर्जा त्याच घरात येते. प्रत्येक कणाला ही सगळी रक्कम मिळते असे मुळीच नाही. मुद्दा एवढाच की ती उपलब्ध असते आणि मोजक्या कणांना तिचा मोठा वाटा मिळू शकतो.

क्षेत्र इतके झपाट्याने बदलते ते चुंबकीय पुनर्जोडणीमुळे, म्हणजे उलट दिशांच्या क्षेत्ररेषा तुटून नव्याने जोडल्या जाण्यामुळे. शेपटीत तशा दोन जागा मानल्या जातात. एक साधारण २० ते ३० त्रिज्यांवर, उपवादळाच्या वेळी, म्हणजे शेपटीत साठलेली ऊर्जा एकाएकी मोकळी होते तेव्हा, अचानक जागी होणारी. दुसरी १०० त्रिज्यांच्या पलीकडे, बराच काळ संथपणे चालू राहणारी. जवळची जागा जागी झाली की तिच्यापलीकडचा प्लाझ्मा शीटचा मोठा तुकडा मुळापासून सुटतो आणि शेपटीतून बाहेरच्या दिशेने वाहत जातो. त्यालाच प्लाझ्मॉइड म्हणतात. एडवर्ड होन्स यांनी मांडलेली ही कल्पना आयएसईई-३ च्या नोंदींनी १९८४ साली पक्की केली. प्लाझ्मॉइडचा वेग सेकंदाला ७०० किलोमीटर धरला, तर २५ त्रिज्यांवरून २२० त्रिज्यांपर्यंत जायला त्याला अर्धा तास लागतो, आणि उपवादळ सुरू झाल्यावर साधारण अर्ध्या तासाने ते आयएसईई-३ जवळ पोहोचताना दिसत असत. १०० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा इलेक्ट्रॉन तेच अंतर ७-८ सेकंदांत कापतो. त्यामुळे प्लाझ्मॉइड येण्याच्या पुष्कळ आधी, लोबच्या कडेला, ऊर्जावान इलेक्ट्रॉनांचा पातळ झोत दिसला तर गोंधळून जाऊ नका. त्याच घटनेची ती आगाऊ वर्दी असू शकते.

प्लाझ्मॉइडच्या आत इलेक्ट्रॉनांना आणखी एक संधी मिळते. पुनर्जोडणीनंतर क्षेत्ररेषा ताणलेल्या बेचकीच्या रबरासारख्या आखडतात, आणि आखडत्या वलयात अडकलेला इलेक्ट्रॉन दोन्ही टोकांना आदळून परतताना दर वेळी थोडा वेगवान होतो. २००६ साली जेम्स ड्रेक आणि सहकाऱ्यांनी याचे सविस्तर गणित मांडले. इलेक्ट्रॉनला हे जमते, कारण १० नॅनोटेस्लाच्या क्षेत्रात १०० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या इलेक्ट्रॉनची भ्रमणत्रिज्या (क्षेत्ररेषेभोवती तो घेत असलेल्या वर्तुळाची त्रिज्या) जेमतेम ११० किलोमीटर असते. त्याच ऊर्जेच्या प्रोटॉनची ४६०० किलोमीटर असते, आणि शीटच्या मध्याजवळ क्षेत्र २ नॅनोटेस्लापर्यंत घसरले तर ती २३ हजार किलोमीटरवर जाते. असा प्रोटॉन लहान वलयात मावतच नाही. त्याला ऊर्जा मिळते ती मोठ्या प्रमाणावरच्या बदलांतून आणि खवळलेल्या क्षेत्रात अनेकदा मिळणाऱ्या धक्क्यांतून. म्हणून इलेक्ट्रॉनांचा आणि आयनांचा उंचवटा एकाच मिनिटाला दिसला तरी दोघांना एकाच यंत्रणेच्या खात्यावर टाकण्याची घाई करू नका. २०१५ साली सोडलेल्या नासाच्या एमएमएस या मोहिमेतल्या चार यानांनी ११ जुलै २०१७ रोजी सुमारे २२ त्रिज्यांवर पुनर्जोडणीचा इलेक्ट्रॉन-गाभा जवळून मोजला, त्यामुळे जवळच्या शेपटीतले चित्र खूप स्वच्छ झाले आहे. दूरच्या शेपटीत अशी चार यानांची तुकडी अजून गेलेली नाही. तिथे एका यानाच्या नोंदीतूनच जागा आणि वेळ वेगळे करावे लागतात, आणि खरी कसोटी तिथेच आहे.

ती कशी लागते हे एका उदाहरणाने दाखवतो. १०० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या प्रोटॉनचा वेग सेकंदाला सुमारे ४३८० किलोमीटर असतो आणि २५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या प्रोटॉनचा बरोबर निम्मा. दोघे एकाच क्षणी एकाच जागेवरून क्षेत्ररेषेवरून निघाले, तर मंद प्रोटॉनला लागणारा जादा वेळ म्हणजे वेगवान प्रोटॉनचा संपूर्ण प्रवासकाळ. समजा, डिटेक्टरच्या वरच्या चॅनेलमधल्या (ऊर्जेच्या वरच्या पट्ट्यातल्या) वाढीनंतर खालच्या चॅनेलमध्ये ६० सेकंदांनी वाढ झाली. मग उगमाचे अंतर ४३८० गुणिले ६०, म्हणजे सुमारे २ लाख ६३ हजार किलोमीटर, अर्थात ४१ त्रिज्या. यान २०० त्रिज्यांवर असेल आणि कण पृथ्वीच्या बाजूने येत असतील, तर उगम १५९ त्रिज्यांच्या आसपास ठरेल. तो पृथ्वीजवळचा नक्कीच नव्हे. किती सुटसुटीत उत्तर! पण हाच क्रम दुसऱ्या कारणानेही दिसतो. कण सतत येत असतील आणि यान लोबमधून प्लाझ्मा शीटमध्ये शिरत असेल, तर सर्वांत बाहेरच्या थरात सर्वांत वेगवान कण असतात, कारण मंद कणांना पोहोचायला वेळ लागतो आणि तेवढ्यात विद्युतक्षेत्र त्यांना शीटच्या मध्याकडे ढकलून देते. तिथे आधी इलेक्ट्रॉन, मग वेगवान आयन, मग मंद आयन असा क्रम लागतो. आलेखावर तो उगमातल्या क्षणिक स्फोटासारखाच दिसतो, पण त्यावरून काढलेले अंतर निरर्थक असते. फरक ओळखायची सोपी खूण म्हणजे यान बाहेर पडतानाची नोंद. क्रम बरोबर उलटा झाला तर तो थर आहे, आणि बाहेर पडतानाही वेगवान कणच आधी बदलले तर घटना काळातली आहे.

शेपटीच्या हलण्याचेही तसेच. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने फिरते आणि सौर वारा साधारण ४०० किलोमीटरने येतो, त्यामुळे शेपूट सूर्य-पृथ्वी रेषेपासून सुमारे ४ अंशांनी कललेली असते. २०० त्रिज्यांवर हे ४ अंश म्हणजे १५ त्रिज्यांचे सरकणे. त्यातच वाऱ्याची दिशा ५ अंशांनी बदलली तर तिथली शेपूट आणखी १७ त्रिज्या इकडे किंवा तिकडे जाते, आणि तिची अर्धी रुंदी तर २५-३० त्रिज्याच आहे. यान जागचे न हलता प्लाझ्मा शीटमधून लोबमध्ये आणि लोबमधून शेपटीबाहेर जाऊ शकते. कणांची संख्या दहापट वाढली की प्रथम चुंबकक्षेत्राची दिशा, घनता आणि तापमान पाहायचे, हा नियम मी कधीही मोडत नाही.

आता डिटेक्टर. मी या विषयात नवा होतो तेव्हा एका नोंदीत ५० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या प्रोटॉनांची संख्या पृथ्वीच्या दिशेने पाहणाऱ्या खिडकीत विरुद्ध खिडकीपेक्षा शेकडो नव्हे, पण जवळजवळ शंभरपट होती. मी तिला क्षेत्ररेषेवरून येणारा अरुंद झोत समजून आठवडाभर त्याच्या उगमाचे गणित करीत बसलो. वास्तविक तो झोत नव्हताच. प्लाझ्मा स्वतःच सेकंदाला ७०० किलोमीटरने दूर वाहत होता, आणि वाहत्या प्लाझ्मात सर्व दिशांना सारखेच पसरलेले कणही स्थिर यानातून पाहिले की पुढच्या बाजूला जास्त भासतात. यालाच कॉम्प्टन-गेटिंग परिणाम म्हणतात. स्पेक्ट्रम, म्हणजे ऊर्जेनुसार कणांची संख्या, ऊर्जेच्या उणे चौथ्या घातासारखा उतरत असेल, तर पुढच्या आणि मागच्या संख्येचे गुणोत्तर कणाचा आणि प्लाझ्माचा अशा दोन वेगांची बेरीज भागिले वजाबाकी, याच्या दहाव्या घाताइतके येते. ५० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या प्रोटॉनचा वेग ३१०० किलोमीटर. म्हणजे ३८०० भागिले २४००, आणि त्याचा दहावा घात जवळपास १००. माझे सगळे ‘गूढ’ या एका ओळीत संपले. १०० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला हेच गुणोत्तर २५ वर येते आणि इलेक्ट्रॉनांसाठी ते नगण्य असते. म्हणून दिशांचा फरक ऊर्जेनुसार या प्रमाणात उतरत जातो का, हे आधी तपासा. त्यापेक्षा जे जास्त उरेल, तेवढाच खरा झोत.

याखेरीज आयनांच्या चॅनेलमध्ये इलेक्ट्रॉन घुसतात, सूर्यप्रकाश थेट खिडकीत पडला की खोटी गणना वाढते, आणि अगदी शांत काळातही वैश्विक किरणांमुळे तळाची संख्या शून्य होत नाही. साध्या घन-अवस्था डिटेक्टरला एकूण ऊर्जा कळते, कणाची जात कळत नाही. तो ‘प्रोटॉन’ म्हणून दाखवतो त्यात जड आयनही मिसळलेले असू शकतात. दुसरीकडे आयनांची मोठी भ्रमणत्रिज्या उपयोगीही पडते. ४६०० किलोमीटर त्रिज्येच्या प्रोटॉनला विरुद्ध दिशांच्या दोन खिडक्यांतून मोजले, तर प्रत्यक्षात ९२०० किलोमीटर अंतरावरच्या दोन भ्रमणकेंद्रांची तुलना होत असते. त्यामुळे प्लाझ्मॉइडची कड यानापर्यंत पोहोचण्याआधीच ती कोणत्या बाजूने येत आहे हे कळते. जिओटेल मिनिटाला सुमारे २० वेळा स्वतःभोवती फिरत असल्याने दर ३ सेकंदांनी अशी एक पूर्ण प्रदक्षिणा हाती येते.

आता ‘हे कण आले कुठून’ या तुमच्या दुसऱ्या शंकेकडे वळतो. सूर्यावरच्या स्फोटांतून आलेले उच्च ऊर्जेचे कण शेपटीत सहज शिरतात, कारण लोबच्या क्षेत्ररेषा दूरवर सौर वाऱ्याच्या क्षेत्राला जोडलेल्या असतात. अशा दिवसांत आलेख तासन्‌तास, काही वेळा दिवसेंदिवस वर राहतो. काही मिनिटांचा उंचवटा त्यातून येत नाही. याच सौर इलेक्ट्रॉनांचा फार सुंदर उपयोग अपोलो १५ आणि १६ च्या मोहिमांनी चंद्राभोवती सोडलेल्या छोट्या उपग्रहांनी केला. चंद्र आडवा आला की क्षेत्ररेषेवरून येणारे इलेक्ट्रॉन अडतात आणि सावली पडते, आणि ती कोणत्या बाजूला पडते त्यावरून रेषेचे कोणते टोक कुठे जोडलेले आहे ते उमगते. सौर वारा आणि पृथ्वी यांतला फरक ओळखायला आयनांचा विद्युतभार उपयोगी पडतो. सौर वाऱ्यातला ऑक्सिजन बहुतांशी सहा इलेक्ट्रॉन गमावलेला असतो, तर पृथ्वीच्या आयनावरणातला एकच. जिओटेलवरच्या एपिक उपकरणाला हा भेद ओळखता येत असे, आणि एकभारी ऑक्सिजन २०० त्रिज्यांच्या पलीकडेही सापडला आहे. कधीकाळी आपल्याच वातावरणात असलेला अणू तेरा लाख किलोमीटरवर ऊर्जावान होऊन डिटेक्टरवर आदळतो, याचे मला इतक्या वर्षांनंतरही अप्रूप वाटते.

याच संदर्भात चंद्राचा उल्लेख करायला हवा, कारण तिथे भारतीय मोजमापे प्रत्यक्ष या प्रश्नाशी जोडलेली आहेत. दर पौर्णिमेच्या आसपास चंद्र पाच-सहा दिवस शेपटीत असतो. जपानच्या कागुया यानाने त्या काळात १ ते १० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे, पृथ्वीकडून आलेले ऑक्सिजन आयन मोजले आणि हा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. चांद्रयान-२ वरच्या क्लास या क्ष-किरण उपकरणाने सप्टेंबर २०१९ मध्ये शेपटीतून जाताना विद्युतभारित कणांच्या तीव्रतेतले मोठे चढउतार टिपले. चांद्रयान-१ वरच्या नासाच्या एम-थ्री उपकरणाच्या जुन्या नोंदी तपासून हवाई विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली दाखवले की शेपटीत असताना सौर वारा जवळजवळ पूर्ण अडत असूनही चंद्रपृष्ठावर पाणी तयार होण्याचा वेग फारसा घटत नाही, आणि त्यासाठी त्यांनी प्लाझ्मा शीटमधल्या ऊर्जावान इलेक्ट्रॉनांकडे बोट दाखवले. त्याखेरीज २०११ पासून नासाच्या आर्टेमिस मोहिमेची (माणसांना चंद्राकडे नेणारी याच नावाची मोहीम वेगळी) दोन याने चंद्राभोवती फिरत ६० त्रिज्यांवरची शेपूट दर महिन्याला मोजतात.

तुमच्या नोंदींबाबत प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. जिओटेलचा डेटा जपानच्या डार्ट्स आणि नासाच्या सीडीएवेब या संग्रहांत खुला आहे. ऊर्जावान कणांच्या आलेखाखाली चुंबकक्षेत्राचे तिन्ही घटक, प्लाझ्माचा वेग आणि घनता एकाच वेळरेषेवर लावा. प्लाझ्मॉइड असेल तर उत्तर-दक्षिण घटक आधी उत्तरेकडे आणि मग दक्षिणेकडे झुकेल. यान लोबमध्ये असताना क्षेत्र थोडे वाढून तोच झोका दिसला, तर प्लाझ्मॉइड शेजारून गेला आहे. त्यानंतर क्योटोच्या संग्रहातला एई निर्देशांक (ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यातल्या चुंबकीय खळबळीचे माप) घेऊन अर्धा-पाऊण तास मागे जा आणि उपवादळ सुरू झाल्याची वेळ शोधा. ती वेळ पक्की करायला रात्रीच्या बाजूच्या कमी अक्षांशांवरील वेधशाळांत दिसणारी ४० ते १५० सेकंद आवर्तकाळाची पी-आय-टू स्पंदने उपयोगी पडतात. घटना भारतीय मध्यरात्रीच्या आसपासची असेल तर अलिबागच्या नोंदीही मागवून पाहा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचे चुंबकीय मापन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे हलवले गेले आणि ते आजही चालू आहे.

एवढे झाल्यावर तुमचे उंचवटे आपोआप वेगळे होतील. काही शेपूट हलल्यामुळे आलेले, काही शीटच्या कडेच्या थराचे, काही वाहत्या प्लाझ्मामुळे फुगलेले, आणि थोडे असे की ज्यांत दिशांचा फरक कॉम्प्टन-गेटिंगच्या हिशेबाहून जास्त आहे आणि उपवादळाशी वेळही जुळते. त्या थोड्यांसाठी प्रोटॉन, हेलियम आणि ऑक्सिजन यांचे स्पेक्ट्रम तीन प्रकारे मांडा : एकूण ऊर्जेवर, प्रति-भार ऊर्जेवर आणि प्रति-न्यूक्लिऑन (अणुकेंद्रातल्या प्रत्येक प्रोटॉन-न्यूट्रॉनमागे) ऊर्जेवर. प्रति-भार मांडल्यावर रेषा एकमेकींवर बसल्या तर विद्युतक्षेत्राने थेट दिलेली कमाई संभवते, प्रति-न्यूक्लिऑनवर बसल्या तर वेगावर अवलंबून असणारी, धडकांमधून झालेली. ऑक्सिजनची गणना कमी असते, म्हणून एका घटनेवर न थांबता सारख्या पाच-सहा घटनांच्या गणना एकत्र करून मगच ही तुलना करा.